दर बाजाराला अर्धा पीळ

लुनाचा आवाज उस्मान मिस्त्रींनी मान वर न करता ओळखला. सायलेन्सर फुटलेली तशी लुना चांदूर बाजार गावात एकच होती आणि ती उत्तमरावांची होती. तीस वर्षांची ओळख, म्हणून मिस्त्रींनी हातातली पंपाची मोटार खाली ठेवायची तसदी घेतली नाही. पण गाडी बंद झाल्यावर बराच वेळ पावलं वाजली नाहीत, तेव्हा त्यांनी पाहिलं. उत्तमराव लुनाच्या पुढच्या फळीवरून एक कुंडी दोन्ही हातांनी उतरवत होते, निजलेलं लेकरू उतरवावं तशी.

कुंडीत पाइनचं झाड होतं.

"घे," उत्तमराव म्हणाले. "ठेव तुह्यापाशी."

"किती दिवस?"

"ठेव म्हन्लं ना. आता तुहंच झालं ते."

मिस्त्रींनी हात पुसले. हे झाड त्यांच्या दोघांच्या ओळखीचं होतं. सन शहाऐंशीत चिखलदऱ्याच्या एका बागेतला पंप बिघडला होता. मिस्त्री दुरुस्तीला निघाले आणि उत्तमराव उगाच सोबतीला म्हणून मोटारसायकलवर मागे बसले. परत येताना रस्त्याकडेच्या नालीत त्यांना बोटभर रोप दिसलं. पावसाच्या पाण्याने पुढे वाहूनच गेलं असतं. उत्तमरावांनी ते ओल्या रुमालात गुंडाळून खिशात घातलं. पुढे अमरावतीच्या एका फुलांच्या प्रदर्शनात त्यांनी ताटलीएवढ्या कुंडीतला वड पाहिला, आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की आपलं पाइनही असंच करायचं. तेव्हापासून अठरा वर्षं दर दोन-तीन वर्षांनी मुळं छाटायची, कुंडी बदलायची, वरचे कोंब चिमटीने खुडायचे, हे त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं. चिखलदऱ्यात ज्याचे भाऊ तीन मजली इमारतीहून उंच, ते झाड हातभर उंचीवर थांबलं होतं. खोड दोन अंगठ्यांएवढं, साल खवल्याखवल्यांची, एका झुबक्यात तीन-तीन लांब सुया.

भांडण एकच होतं. झाड विजेच्या खांबासारखं सरळ होतं. मिस्त्री म्हणायचे, चिखलदऱ्याच्या कड्यावर वाऱ्याने रेटलेली झाडं दरीवर कशी झुकलेली असतात, तसं हे दिसलं पाहिजे. मी तार लावून वाकवतो. उत्तमराव म्हणायचे, माझ्या झाडाला तुझी तार नको. अठरा वर्षं हेच चाललं होतं.

"वाकव आता तुह्या मनासारखं," उत्तमराव म्हणाले. "लय वर्सं म्हनून राह्यला होता."

"अन् तुह्या मनाचं काय?"

"माह्या मनाचं काही नाई राह्यलं त्याच्यात." हे म्हणताना ते हसले. चहा आला, तो बशीत ओतून सावकाश प्याले. मग झाडाच्या सुयांवरून हात फिरवत म्हणाले, "ध्यान ठेवजो, उस्मान. हे मोठं लबाड झाड हाय. संत्रा मराले लागला का पानं गाळून सांगून देते. हे सांगत नाई. जीव गेला तरी दोन-दोन मैने हिरवंच दिसते."

मिस्त्रींचा अंगठा तर्जनीवर फिरू लागला. का ते त्यांना लगेच कळलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "ही खालची सुकी काडी तं साफ करून दे. काढ तुहा चाकू."

उत्तमरावांचा हात सवयीने बंडीच्या खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला.

"चाकू सूर्यभानले देऊन टाकला. त्याले डोळे भरा लागतात. माह्याजवळ आता भराले काय हाय?"

सूर्यभान म्हणजे उत्तमरावांच्या शेताचा शेजारी. शिंगाच्या मुठीचा तो चाकू उत्तमरावांच्या बापाचा. त्याच चाकूने त्यांनी जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरले, म्हणजे कलमं बांधली, स्वतःच्या तीनशे झाडांचे आणि पंचक्रोशीतल्या कितीतरी बागांचे. मुठीला अंगठ्याचा खळगा पडला होता. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. टँकरचं पाणी एका ओळीला पुरे, दुसरीला नाही. शेवटी तीनशेच्या तीनशे झाडं वाळली, आणि वीटभट्टीवाल्यांच्या ट्रकमध्ये भरून गेली. त्या दिवशी मिस्त्री तिथे होते. उत्तमराव प्रत्येक झाडाची साल आधी नखाने खरवडत होते, खाली हिरवं आहे का पाहत होते, आणि मगच कुऱ्हाडवाल्याला मान हलवून परवानगी देत होते.

लुनाचा आवाज दूर गेला. मिस्त्री कुंडीकडे पाहत बसले आणि आता त्यांना कळलं की अंगठा कशासाठी फिरू लागला होता.

आदल्या वर्षी दिवाळीनंतर एक शेतकरी गिऱ्हाईक असंच आलं होतं. मोटार न्यायला आलं आणि जाताना आपला ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवून गेलं. "मिस्तरी, तुमी दिवसभर बसता, गाणे आयकत जा." मिस्त्रींना मोठी गंमत वाटली. त्यांनी बॅटरी बदलून दोन दिवस गाणी ऐकलीही. आठव्या दिवशी त्याच्या गावच्या माणसाने सांगितलं की तो गेला. कसा गेला हे त्या वर्षांत कोणी विचारत नसे, न विचारताच कळत असे. तो ट्रान्झिस्टर मिस्त्रींनी पुन्हा लावला नाही. तो फळीवर होता, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

आज झाड आलं होतं, आणि चाकू आधीच गेला होता.

उस्मान मिस्त्री मोटारी भरत. जळालेल्या तारा उपटून काढायच्या आणि नव्या तांब्याच्या तारेचे मोजून वेढे घालून खाचांत बसवायचे, हे काम. अमरावतीत एका उस्तादाकडे सात वर्षं राहून ते शिकले होते, आणि उस्तादाने पहिलं वर्षभर त्यांना फक्त मोजायला लावलं होतं. ती मोजणी इतकी अंगात मुरली की काळजी लागली म्हणजे त्यांचे ओठ हलत, अंगठा तर्जनीवर फिरू लागे आणि हात आपोआप तार वळू लागत. लेक गजाला हिचं बाळंतपण अडलं तेव्हा अकोल्याच्या दवाखान्याच्या बाकावर त्यांनी रिकाम्या हातांनी एक अख्खी मोटार भरली, असं त्यांची बायको आयशाबी सगळ्यांना सांगे.

त्या दिवशी घरी आल्यावरही त्यांचा अंगठा फिरतच होता. आयशाबीने आधी तो पाहिला, मग कुंडी.

"किसका है?"

"उत्तमभाऊ का."

"तो देने का क्या कारण?"

मिस्त्रींनी सांगितलं. आयशाबी भाजी निवडायची थांबली. मग म्हणाली, "पार्बताबाई से मिल के आओ."

पार्बताबाई म्हणजे उत्तमरावांची बायको. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी, उत्तमराव शेतात असतील अशा वेळी गेले. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या पार्बताबाईंनी पाट पुढे सरकवला.

"वहिनी, भाऊ बरे हायेत ना?"

"बरेच हायेत की. जेवते, निजते, हासते बी. पह्यले माह्यावर चिडत होते, आता चिडत बी नाईत." त्या थोडा वेळ शेंग न सोलता बसल्या. "चिडले असते तं बरं वाटलं असतं, भाऊजी."

परतीच्या रस्त्याला मिस्त्रींनी ठरवलं. माणसाला 'तू येत जा' म्हणून तो येत नाही. त्याचं काम आपल्याकडे अडलेलं असलं पाहिजे. त्यांनी निरोप धाडला: झाडाचं तोंड कोणत्या बाजूला करायचं ते मला समजत नाही, मालकाने बाजाराच्या दिवशी येऊन सांगावं.

उत्तमराव आले. कुंडी मिस्त्री रोज घरून दुकानात आणत; ती टेबलावर ठेवून दोघांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या.

"हे तोंड," उत्तमराव म्हणाले. "ही फांदी पुढं, मोठी फांदी दरीवर. आंधळा झाला काय?"

"मी मोटारीचा मानूस. मोटारीले तोंड नसते."

"तुले तरी कुठी हाय?"

मिस्त्रींनी सुतळी भिजवून खोडावर घट्ट गुंडाळली, म्हणजे साल फाटणार नाही. तिच्यावरून जळालेल्या मोटारीतून काढलेली जाड तार खालून वर तिरप्या वेढ्यांनी नेली. जळालेलं तांबं मऊ पडतं, हवं तिकडे वळतं आणि वळवलं तिथेच राहतं. मग खोडाच्या वरच्या टोकाला रबराचा तुकडा लावून तिथून कुंडीच्या कडेपर्यंत दुहेरी तार ओढली. दोन तारांमध्ये खिळा घालून फिरवला की तारेला पीळ पडायचा, ती आखूड व्हायची आणि खोड केसभर वाकायचं.

"एका टायमाले अर्धा पीळ," मिस्त्री म्हणाले. "पुढल्या बाजाराले पुढचा. अन् तू आल्याबिगर मी हात लावत नाई. मोडलं तं माह्या माथ्यावर नोको."

"म्हंजे मले दर बाजाराले यावं लागन?"

"झाड कोनाचं हाय?"

 उत्तमराव पुढच्या बाजाराला आले, आणि त्याच्या पुढच्याही.

मधले सहा दिवस मिस्त्रींना जड जात. उत्तमरावांच्या गावाकडचं कोणी मोटार घेऊन आलं की आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे, मग मोटारीकडे. कोणी घाईघाईने दुकानाच्या पायऱ्या चढलं तर हातातली तार सुटायची. बाजाराच्या दिवशी सकाळी नऊपासून कान रस्त्याकडे. अकोल्याहून गजालाचे फोन येत होते. नातू रय्यान पाय टाकू लागला होता.

"अजी, चलते क्या? बच्चा चलने लगा," आयशाबी म्हणाली.

"बाजार के बाद."

"हर हफ्ते बाजार है." मग कुंडीकडे पाहून, "तीस साल में मेरे सामने ऐसे नहीं बैठे कभी. मैं भी थोड़ी टेढ़ी हो जाऊँ क्या?" पण बोलता बोलता तिने पाण्याचा तांब्या कुंडीशेजारी ठेवला. पिण्याचं पाणी नळाला पाचव्या दिवशी येत होतं, तरी त्या झाडाचा तांब्या तिने कधी कमी केला नाही.

पाचव्या बाजाराला उत्तमराव आले नाहीत.

दहा वाजले, अकरा वाजले. बाजार भरला. एरवी ते साडेदहाला येत. बारा वाजता मिस्त्रींनी रस्त्यावर जाऊन पाहिलं. एक वाजता उत्तमरावांच्या गावचा एक माणूस दिसला. त्याला विचारायला ते दोन पावलं पुढे गेले आणि थांबले, कारण विचारलं तर तो उत्तर देणार होता. परत येऊन ते टेबलाशी बसले. समोर झाड. दोन तारांच्या मध्ये खिळा. नजर रस्त्यावर, आणि ओठ हलू लागले. एक. दोन. तीन.

कट्‌ असा आवाज झाला. फार मोठा नाही, वाळलेली काडी पायाखाली यावी तेवढा.

मिस्त्रींनी खाली पाहिलं. खिळा त्यांच्या बोटांत होता. आठवड्याला अर्धा पीळ द्यायचा, तिथे हातांनी न सांगता तीन दिले होते. जिथे वाक सगळ्यांत जास्त, तिथे सुतळीखालून साल उचलली गेली होती आणि आत पांढरं लाकूड दिसत होतं.

 रस्त्याकडे पाठ करून त्यांनी खणातून सुती पट्टी काढली, मोटारीतल्या तारांचे झुबके बांधायची, आणि ती जखमेवरून सफाईने गुंडाळली. शेवटाला सवयीने वार्निशचा हात दिला. पट्टी वाळत होती तेवढ्यात लुनाचा आवाज आला.

"चाक पंक्चर झालं," उत्तमराव म्हणाले. "दोन कोस ढकलत आनली. पट्टी काहून बांधली?"

"थंडीसाठी," मिस्त्री म्हणाले.

उत्तमरावांनी पुन्हा पाहिलं नाही. झाडाची पट्टी पाहून जो माणूस एरवी दहा प्रश्न विचारायचा, तो 'हं' म्हणाला आणि चहा प्याला.

पुढचे पंधरा दिवस मिस्त्री घाबरलेलेच होते. मधल्या बाजारालाही त्यांनी पीळ द्यायचं टाळलं. झाड हिरवं होतं. सकाळी हिरवं, दुपारी हिरवं, संध्याकाळी हिरवं. सुया ताठ होत्या. दुसऱ्या कोणाला ते पाहून आनंद झाला असता. मिस्त्रींना उत्तमरावांचं बोलणं आठवायचं आणि त्या हिरव्या रंगाचीच भीती वाटायची. साल नखाने खरवडून पाहिली असती तर कळलं असतं. दोनदा त्यांनी नख सालीपर्यंत नेलं आणि मागे घेतलं. झाड मेलं असेल तर उत्तमरावांना यायला कारण उरणार नव्हतं. आणि ते त्यांच्याच हाताने मेलं असणार होतं.

आयशाबी एकदा फक्त म्हणाली, "बोल दो उनको."

"क्या बोलूँ?"

"जो टूटा वो."

सातव्या बाजाराला उत्तमराव वेळेवर आले. धुतलेली बंडी, दाढी केलेली. झाडापुढे उभे राहिले, एक डोळा मिटून त्यांनी वाक पाहिला. खोड आता खरंच कड्यावरच्या झाडासारखं झुकलं होतं.

"झालं की, उस्मान," ते शांतपणे म्हणाले. "तू म्हनत होता ते बराबर होतं. लय चांगलं दिसते. आता माहं काही काम नाई. पुढल्या बाजारापासून मी येत नाई." आणि हसले.

ते हसू मिस्त्रींनी पाहिलं.  आणि जे पंधरा दिवस तोंडातून निघत नव्हतं ते निघालं.

"झालं नाई. मोडलं."

"काय?"

"मोडलं, उत्तमभाऊ. माह्या हातानं. तू त्या दिवशी टायमावर आला नाई, मले वाटलं..." त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "तीन पीळ देल्ले. साल फाटली. पट्टीच्या खाली हाय."

उत्तमरावांनी कुंडी ओढून घेतली. पट्टीवर नख लावलं. वार्निशने ती पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती.

"हे काय लावलं?"

"वार्निश."

"वार्निश?" उत्तमरावांचा आवाज बाजारातल्या भाजीवाल्यांपर्यंत गेला. "जित्या झाडाले वार्निश? मोटार हाय काय बे ते? अठरा वर्सं मी याले फुलासारखं जपलं अन् तू त्याची कॉइल करून ठेवली? अन् थंडीसाठी म्हने! मले म्हन्ते, थंडीसाठी! पंधरा दिवस झाले, गध्या! जखमेले वारा नाई, उजेड नाई, सडलं असन आतून! तुले अक्कल कोन्या उस्तादानं देल्ली? काहून नाई बोलला?"

"भेलो."

"मले भेला?"

 रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबून पाहत होते. उस्मान मिस्त्रींना असं भर बाजारात कोणी बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. मिस्त्री मात्र मान खाली घालून एकेक शब्द ऐकत होते आणि त्यांना पार्बताबाई आठवत होत्या. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"सोड ती तार पह्यले, दोन पीळ मांगं. हळू. हळू म्हन्लं ना!" उत्तमरावांनी पट्टी दोन्ही हातांनी धरली. "आन कापाले—" आणि त्यांचा हात बंडीच्या खिशात गेला.

खिसा रिकामा होता. हात तिथेच राहिला.

मिस्त्रींच्या टेबलावर पट्टी कापायची दोन पाती पडली होती. त्यांतलं एक पुढे करायला ते गेले, आणि का कोण जाणे, त्यांनी ते रद्दीखाली सरकवलं.

"माह्यापाशी काही नाई धारेचं," ते म्हणाले. आयुष्यात एवढं उघड खोटं ते पहिल्यांदाच बोलले असतील.

उत्तमराव त्यांच्याकडे पाहत राहिले. मग खिशातून हात काढून म्हणाले, "काढ गाडी."

मोटारसायकलवर उत्तमराव मागे बसले, मांडीवर कुंडी. सूर्यभानचं शेत अडीच कोसावर, उत्तमरावांच्या शेजारचंच. वाटेत ती मोकळी जागा लागली, जिथे तीनशे खुंट जमिनीतून वर आले होते. मिस्त्रींनी आरशात पाहिलं. उत्तमराव खुंटांकडे पाहत नव्हते. वाऱ्याने सुया हलू नयेत म्हणून दोन्ही हातांनी झाड झाकून बसले होते.

सूर्यभान विहिरीपाशी होता. उत्तमरावांनी गाडीवरूनच हात पुढे केला.

"माहा चाकू आन."

"देल्ली वस्तू मांगता काय, काका?" सूर्यभान हसत म्हणाला. "देऊन टाकला म्हन्ले होते ना?"

"देऊन नव्हता टाकला. ठेवाले देला होता. आन लवकर."

चाकू आला. उत्तमरावांनी धार अंगठ्यावर पाहिली आणि सूर्यभानलाही दोन शब्द सुनावले, धार गेली म्हणून. बांधावरच्या दगडावर चाकू घासला. मग तिथेच लिंबाखाली बसून पट्टी कापून काढली, सुतळीचा एकेक पदर सोडवला. मिस्त्री उभे राहिले होते, तोंड दुसरीकडे करून. त्यांना ते पाहवत नव्हतं.

"इकडं पाह्य," उत्तमराव म्हणाले.

"तूच सांग."

"पाह्य म्हन्लं ना बे."

फाटलेल्या सालीची एक बाजू तपकिरी पडली होती. उत्तमरावांनी ती चाकूच्या टोकाने निरोगी सालीपर्यंत कोरून काढली. मग दुसऱ्या बाजूला नखाने केसभर खरवडलं.  नखाखाली ओलसर हिरवी रेघ उठली. आणि भेगेच्या खालच्या टोकाला राळेचा एक थेंब होता, मुगाएवढा, चिकट. उत्तमरावांनी तो बोटावर घेऊन मिस्त्रींच्या नाकाशी धरला. चिखलदऱ्याचा वास आला.

"अर्धं जित्तं हाय," उत्तमराव म्हणाले. "अर्ध्याचं आता सांगता येत नाई. चैतात वरून नवे कोंब निंगाले तं जगलं."

"अन् नाई निंगाले तं?"

"तं तुले पाह्यतो." संत्र्याचा डोळा बांधतात तशी प्लॅस्टिकची चिंधी त्यांनी जखमेवर बांधली, मध्ये वाऱ्याला फट ठेवून. मग चाकू पुसून मिटवला आणि खिशात टाकला. मिस्त्रींची नजर त्या खिशावर गेली आणि तिथेच अडकली. उत्तमरावांनी ते पाहिलं.  विहिरीपलीकडे सूर्यभानची बायको बादली आपटत होती.

"भेला होता म्हन्ला," उत्तमराव शेवटी म्हणाले, झाडाकडे पाहत. "झाडासाठी नाई ना?"

मिस्त्रींनी मान हलवली. नाही.

उत्तमराव उठले, धोतर झटकलं. "चिंधी मी आल्याबिगर सोडू नोको. अन् खिळा काढून ठेव त्या तारेतून. तुह्या हाताचा भरोसा नाई."

चैत्राला अजून सात बाजार होते.

पुढच्या बाजाराला मिस्त्री साडेआठलाच दुकानात येऊन बसले. भीती गेली नव्हती. ती काही जखमेवरच्या चिंधीसारखी सोडून टाकता येणारी नव्हती, हे त्यांना कळलं होतं. नऊ वाजले. दहा वाजले. खिळा त्यांनी खणात ठेवून खणाला कुलूप लावलं होतं, तरी अंगठा तर्जनीवर फिरत होताच. साडेदहा होऊन गेले. पावणेअकराला, बाजाराच्या गलक्याच्या पलीकडून, फुटक्या सायलेन्सरचा तो आवाज आला.

उस्मान मिस्त्रींनी घाईने समोरच्या उघड्या मोटारीत डोकं घातलं, वाट पाहत होतो हे दिसू नये म्हणून.